विविक्तवास आणि सहवास : सेवाग्रामातील कलावंतनिवासाचा विचार

१

कलावंताने नगरातील कोलाहलापासून दूर, डोंगरदऱ्यांच्या किंवा खेड्यांच्या सान्निध्यात काही काळ राहावे, त्याच्या अन्नवस्त्राची चिंता दुसऱ्या कोणी वाहावी आणि त्या निश्चिंततेतून त्याच्या हातून नवी निर्मिती व्हावी, ही कल्पना आज ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ या नावाने जगभर रूढ झाली आहे. तिचे आधुनिक संस्थात्मक रूप साधारणतः शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो या गावाजवळच्या वनप्रदेशात संगीतकार एडवर्ड मॅक्डोवेल व त्यांच्या पत्नी मेरियन यांच्या प्रयत्नाने १९०७ साली जी वसाहत स्थापन झाली, ती या प्रकारच्या संस्थांचा आदर्श मानली जाते. तेथे प्रत्येक कलावंताला वृक्षराजीत स्वतंत्र कार्यशाळा मिळते, आणि दुपारचे भोजन टोपलीत घालून त्याच्या दाराशी मुकाट्याने ठेवले जाते. आत चाललेल्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून दार ठोठावायचे नाही, असा संकेत आहे. ही भोजनाची टोपली म्हणजे या संपूर्ण संकल्पनेचे सारच होय. समाजाने कलावंताला पोसावे आणि त्याच्या एकांताला धक्का लावू नये, असा तिचा अर्थ.

हिंदुस्थानात या कल्पनेला हिमालयाचे आकर्षण प्रथमपासून जडले. रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांनी १९२८ मध्ये कुलू खोऱ्यातील नग्गर येथे वास्तव्य केले व तेथेच ‘उरुस्वती’ या संशोधनसंस्थेची स्थापना केली. कांगडा खोऱ्यातील अंद्रेटा या खेड्यात नोरा रिचर्ड्‌स या आयरिश नाट्यकर्मी स्थायिक झाल्या, व फाळणीनंतर चित्रकार सोभा सिंग यांनीही तेथेच घर केले. नर्तक उदयशंकर यांचे अल्मोडा येथील कलाकेंद्र याच परंपरेतले. त्याला इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याचे साहाय्य लाभले होते. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ते बंद पडले. या सर्व उदाहरणांत पर्वत हा केवळ निवासाचे स्थळ नाही. समाजापासून कलावंताला विलग करणारी सीमा असे त्याचे कार्य आहे. या प्रकाराला प्रस्तुत लेखात ‘विविक्तवास’ असे म्हटले आहे.

वर्धा जिल्ह्यात याच कालखंडात एक निराळा प्रयोग झाला. कलावंत दूरच्या खेड्यात येऊन राहिला हे त्याचे बाह्य लक्षण विविक्तवासासारखेच आहे. परंतु त्या निवासाचा करार सर्वस्वी उलटा होता. येथे कलावंताच्या दाराशी भोजनाची टोपली येत नसे. सामुदायिक स्वयंपाकघरात त्यालाच भाजी चिरावी लागे. या दुसऱ्या प्रकाराला ‘सहवास’ म्हणता येईल. या सहवासातून काय निष्पन्न झाले, आणि जे निष्पन्न झाले त्याची नोंद कलेच्या इतिहासात इतकी अपुरी का राहिली, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

२

जिल्ह्याची भूमी या प्रयोगाला कोणते साहित्य देत होती, हे प्रथम पाहणे अवश्य आहे. उत्तरेकडे आर्वी व कारंजा या बाजूला सातपुड्याचे ठेंगणे फाटे उतरतात. उरलेला मुलूख वर्धा नदीकडे उतरत जाणाऱ्या काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. ही नदीही सातपुड्यातच, मुलताईच्या परिसरात, उगम पावते. मराठी ग्रामव्यवस्थेत ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जमीन असा जो जुना भेद आहे, तो येथे केवळ महसुली परिभाषेचा नाही. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून भिंतीला ती सोसत नाही. भिंत उभी राहते ती पांढरीवर. मातीच्या भिंती, बांबूचे तट्टे, लाकडाच्या बल्ल्या आणि वर कुंभाराच्या आव्यात भाजलेले कवेलू, एवढ्या साहित्यातून वऱ्हाड-नागपूर भागातील सामान्य घर उभे राहात असे.

या भूप्रदेशाला कलावंतांच्या वास्तव्याची प्राचीन परंपराही आहे. वर्ध्यापासून जवळ धाम नदीच्या काठी असलेले पवनार म्हणजे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. पुढे मनसर येथील उत्खननानंतर या मताला प्रतिपक्ष निर्माण झाला असला, तरी पवनार हे वाकाटककालीन महत्त्वाचे स्थान होते याविषयी शंका नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील रामटेकची टेकडी हीच मेघदूतातील रामगिरी होय, हे मिराशींचे मत तर विदर्भाच्या सांस्कृतिक स्मृतीचा भागच होऊन बसले आहे. स्वजनांपासून दूर, पर्वतावर कंठलेला काळ आणि त्यातून उपजलेले काव्य, अशी विविक्तवासाची प्रतिमा विदर्भाला अपरिचित नव्हती. म्हणूनच विसाव्या शतकात या भूमीने स्वीकारलेला मार्ग अधिक विचारणीय ठरतो.

३

सेवाग्रामच्या प्रयोगाची पूर्वपीठिका खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या फैजपूर येथे सापडते. डिसेंबर १९३६ मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. ‘टिळकनगर’ या नावाने उभारलेल्या त्या तात्पुरत्या नगराची रचना व सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे आचार्य नंदलाल बसू यांच्यावर सोपविली. वास्तुविशारद म्हात्रे यांचे साहाय्य त्यांना होते. विटा, सिमेंट व विजेची रोषणाई यांच्याऐवजी परिसरात मिळणारे बांबू, चटया, गवत आणि ग्रामीण कारागिरांचे हात हेच या नगराचे साहित्य होते. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलजोड्यांनी ओढावयाचा रथही नंदलालांनीच सजविला. अधिवेशन संपले आणि ते नगर मोडले गेले.

पुढे फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालांनी काढलेली ऐंशीहून अधिक चित्रे जतन झाली. आधुनिक भारतीय कलेच्या प्रत्येक इतिहासात ती आढळतात. फैजपूरचे बांबूचे नगर मात्र काही छायाचित्रे व आठवणी यांच्या रूपानेच उरले. दोन्ही कामे एकाच कलावंताची, एकाच प्रेरणेची आणि अवघ्या चौदा महिन्यांच्या अंतराने झालेली. असे असता एक इतिहासात शिरते व दुसरे बाहेर राहते, याचे कारण कलागुणांत शोधणे व्यर्थ आहे. ते साहित्याच्या टिकाऊपणात आहे. सेवाग्रामच्या बाबतीतही हाच न्याय लागू झाला.

४

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगाव या खेड्यात राहावयास गेले. वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावरील या गावाची मालगुजारी बहुतांशी जमनालाल बजाज यांच्याकडे होती, आणि गावात दलित वस्तीचे प्रमाण मोठे होते. बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगावशी नामसाम्य असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले.

गांधीजींच्या आधीच तेथे येऊन राहिलेल्या व्यक्तींत मॅडेलिन स्लेड, म्हणजेच मीराबेन, या प्रमुख होत. ब्रिटिश नौदलातील एका उच्चाधिकाऱ्याची ही कन्या बेथोव्हेनच्या संगीताची निस्सीम उपासक होती. त्या संगीतामुळेच ती रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेली आणि रोलाँ यांच्यामुळे १९२५ मध्ये गांधीजींकडे आली. रूढ अर्थाने तिला कलावंत म्हणता येणार नाही. तथापि सेवाग्रामचे दृश्यरूप घडविण्यात तिचा वाटा मोठा आहे. मुळात तिच्या वापरासाठी उभारलेली कुटीच पुढे ‘बापूकुटी’ झाली. स्थानिक साहित्य, स्थानिक मजूर आणि अल्प खर्च ही गांधीजींची अट होती. त्या अटीच्या मर्यादेत मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर ताडवृक्ष, चरखा व ॐ अशी उठावाची चित्रे केली.

ही उठावचित्रे कलेतिहासाच्या दृष्टीने एक विलक्षण प्रश्न उपस्थित करतात. मातीची भिंत ही संगमरवराप्रमाणे एकदाच घडत नाही. पावसाळ्यानंतर ती लिंपावी लागते, जमीन सारवावी लागते, आणि प्रत्येक लिंपणाबरोबर उठावाच्या कडा थोड्या बोथट होतात किंवा दुसऱ्या हातांनी पुन्हा रेखल्या जातात. आज कुटीत दिसणारा ताडवृक्ष मूळ हाताचा किती आणि नंतरच्या अनेक हातांचा किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने हा दोष ठरेल. परंतु ज्या परंपरेतून हे काम आले, त्या परंपरेत घरातील स्त्री दर सणाला भिंत नव्याने लिंपते व चितारते, आणि चित्राचे आयुष्य हे त्या पुनरावृत्तीतच असते. मीराबेन यांनी खेड्याला आपली कला दिली असे म्हणण्यापेक्षा, खेड्यातील कलेचा कालक्रम त्यांनी स्वीकारला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

याच मीराबेन पुढे सेवाग्राम सोडून हिमालयाच्या पायथ्याशी व नंतर गढवालच्या डोंगरात गेल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. विविक्तवासाची ओढ सहवासात राहिलेल्यांनाही सुटत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

५

सेवाग्रामातील कलावंतनिवासाचा खरा अध्याय नई तालीमशी निगडित आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली. तीत नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी मातृभाषेतून, हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची योजना मांडली. योजनेच्या अंमलबजावणीसाठी १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्राम हे त्याचे केंद्र झाले. संघाची धुरा वाहणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले होते. रवींद्रनाथांच्या आणि गांधीजींच्या शिक्षणविचारांतील अंतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्या दोन विचारांना जोडणारा माणसांचा हा प्रवाह तितकासा लक्षात घेतला जात नाही.

याच प्रवाहातून १९४४ साली देवीप्रसाद हे तरुण चित्रकार सेवाग्रामला आले. त्यांचा जन्म १९२१ मधला, डेहराडूनचा. १९३८ ते १९४४ या काळात कलाभवनात नंदलाल बसू, विनोदविहारी मुखर्जी व रामकिंकर बैज यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. सेवाग्रामला ते काही महिन्यांचे पाहुणे म्हणून आले नाहीत. कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे, तेथेच राहिले. या काळात त्यांनी मुलांना व शिक्षकांना कला शिकविली, ‘नई तालीम’ मासिकाच्या संपादनात भाग घेतला, आश्रमजीवनाची छायाचित्रे घेतली, आणि चित्रकलेकडून ते मृत्पात्रकलेकडे अधिकाधिक वळत गेले.

हे वळण केवळ वैयक्तिक आवडीचे मानता येणार नाही. कुंभाराचे चाक व आवा ही खेड्यात आधीपासून असलेली साधने आहेत, तर चित्रफलक ही बाहेरून आणलेली वस्तू आहे. चित्र काढणारा खेड्यात एकाकी पडतो. भांडे घडविणाऱ्याला शेजारी भेटतो. मात्र हा शेजार समतेचा होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. गावचा कुंभार हा जातीने ठरलेला व्यवसाय करीत होता व त्याच्या मडक्याची किंमत बाजार ठरवीत होता. विद्यापीठात शिकून आलेल्या कलावंताने तेच काम स्वेच्छेने पत्करले होते, आणि तो ते सोडूनही जाऊ शकत होता. सहवासाच्या करारातील ही विषमता कितीही सद्भावना असली तरी पुसली जाणारी नव्हती.

६

देवीप्रसाद यांच्या कार्यातील मध्यवर्ती संघर्ष याहून सूक्ष्म होता. नई तालीमच्या व्यवस्थेत हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम होते, पण त्याबरोबरच ते शाळेच्या खर्चाचे एक साधनही असावे अशी अपेक्षा होती. सूत मोजता येते. किती तासांत किती गुंड्या निघाल्या व त्यांची किंमत काय, याची नोंद वहीत करता येते. मुलाने काढलेल्या बैलाच्या चित्राची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात चित्रकलेला स्थान होते हे खरे. परंतु स्थान असणे निराळे आणि तत्त्व म्हणून मान्यता असणे निराळे.

देवीप्रसाद यांचे प्रतिपादन असे की, कला हा हस्तोद्योगाला जोडलेला अलंकार नाही. मुलाची निर्माणशक्ती जागी करणारे ते शिक्षणाचे अधिष्ठानच आहे. मुलाचे चित्र हे प्रौढांच्या चित्राचे अपुरे रूप नसून त्या वयाची स्वतंत्र भाषा आहे, हा विचार व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक आणि इंग्लंडमधील हर्बर्ट रीड यांनी युरोपात रुजविला होता. रीड यांचा कलेद्वारा शिक्षणाविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ १९४३ चा, म्हणजे देवीप्रसाद सेवाग्रामला येण्याच्या आदल्या वर्षीचा. परंतु युरोपात हा विचार शहरी कलावर्गातून वाढला, तर सेवाग्रामात त्याला शेत, चरखा व सफाई यांच्या दिनक्रमात आपली जागा सिद्ध करावी लागली. निर्मिती आणि उत्पादन यांत विरोध नाही, मात्र उत्पादन मोजले जाते म्हणून निर्मितीचा बळी देता कामा नये, ही भूमिका त्या दिनक्रमाच्या घर्षणातूनच घडली. त्यांचा ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हा ग्रंथ नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये प्रकाशित केला. त्याच्या पाठीशी सेवाग्रामच्या मुलांबरोबर काढलेली ही वर्षे आहेत.

विविक्तवासाच्या संस्था आपले यश तेथे पूर्ण झालेल्या कृतींच्या यादीवरून सिद्ध करतात. अशी यादी सेवाग्रामला देता येणार नाही. तेथील मुख्य निष्पत्ती म्हणजे शिकून गेलेली मुले व शिक्षक, वापरून फुटलेली भांडी, दर वर्षी लिंपलेल्या भिंती, आणि एक शिक्षणविचार. यांपैकी केवळ शेवटची गोष्ट ग्रंथालयात ठेवता येते. इतिहासकाराला दिसते तेवढेच घडले असे मानण्याचा मोह येथे विशेष घातक ठरतो.

७

हा प्रयोग टिकला का, या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच द्यावे लागेल. गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राममधून गेले ते पुन्हा परतले नाहीत. डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांतिवादी परिषदेचे एक सत्र शांतिनिकेतनात व दुसरे सेवाग्रामात भरले, आणि दोन्ही स्थानांचे नाते जगापुढे आले. परंतु पुढील दशकात नई तालीमचा राजाश्रय नाममात्र उरला. १९५९ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६२ मध्ये देवीप्रसाद युद्धविरोधकांच्या ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या संघटनेचे सरचिटणीस म्हणून लंडनला गेले. १९६४ ते १९६६ मध्ये काम करणाऱ्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही नवी संज्ञा रूढ केली आणि मूलोद्योगाची कल्पना राष्ट्रीय धोरणातून व्यवहारतः मागे पडली. देवीप्रसाद १९८३ मध्ये भारतात परतले, दिल्लीत मृत्पात्रकार म्हणून काम करीत राहिले, २००७ मध्ये ललित कला अकादमीने त्यांना ‘ललित कला रत्न’ हा सन्मान दिला, आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. सन्मान झाला तो कलावंताचा. त्याच्या अठरा वर्षांच्या निवासाला संस्थेचे रूप आले नाही.

याचे कारण सहवासाच्या स्वरूपातच आहे. विविक्तवासाची संस्था इमारती व निधी यांच्या बळावर चालते. एक कलावंत गेला की दुसरा येतो. सहवास मात्र व्यक्तीच्या दीर्घ वास्तव्यावर अवलंबून असतो. मुलांचा विश्वास, कुंभाराशी जडलेले नाते, स्वयंपाकघरातील पाळी या गोष्टी पुढच्या येणाऱ्याच्या हवाली करता येत नाहीत. जे त्याचे सामर्थ्य, तेच त्याच्या अल्पायुषी असण्याचे कारण. २००५ मध्ये सेवाग्रामात ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली, त्यावरून विचाराचे बीज निर्जीव झाले नव्हते एवढे मात्र सिद्ध होते.

८

या संदर्भात पवनारचा एक पुरावा उद्‌बोधक आहे. १९३८ मध्ये विनोबा भावे धाम नदीच्या काठी राहावयास आले. तेथे आश्रमीयांनी शेतीसाठी जमीन खणली असता प्राचीन शिल्पपट्ट हाती लागले. त्यांपैकी एकात राम-भरत भेटीचा प्रसंग ओळखण्यात आला व आश्रमात त्याची स्थापना झाली. शिल्पांतील प्रसंगांच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शिल्पकारांची नावे तर कोणालाच ठाऊक नाहीत. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी पवनारचे शास्त्रीय उत्खनन केले, त्याच्या कितीतरी आधी कुदळीने हे शिल्प उजेडात आणले होते.

त्या अनामिक वाकाटक शिल्पकारांचे काम दगडात असल्यामुळे दीड हजार वर्षांनी हाती आले. सेवाग्रामच्या मुलांची चित्रे कागदावर व भिंतीवर होती, त्यांना हा लाभ मिळणार नाही. वर्धा जिल्ह्याच्या आधुनिक कलेचा इतिहास लिहावयाचा तर संग्रहालयातील वस्तूंपासून आरंभ करून चालणार नाही. शाळेच्या दैनंदिन नोंदी, ‘नई तालीम’चे जुने अंक, देवीप्रसाद यांची छायाचित्रे आणि त्या शाळेत शिकलेल्या, आज वार्धक्याला पोहोचलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी हीच येथील प्राथमिक साधने होत. यांतील शेवटचे साधन दर वर्षी क्षीण होत आहे. त्यांची भाषा मराठी आहे, त्यांची गावे या जिल्ह्यात किंवा त्याच्या आसपास आहेत, आणि ते नोंदवून घेण्याचे काम दूरच्या संस्थांपेक्षा विदर्भातील इतिहास व कला या विषयांच्या विभागांनाच अधिक सुकर आहे. डोंगरातील एकांताने कलेला काय दिले याचे ग्रंथ पुष्कळ आहेत. पांढरीवरील सहवासाने काय दिले, याची साक्ष देणारे आहेत तोवरच ती घेतली गेली पाहिजे.